मामांचा नदीशी अबोला

माझ्या मामांइतका वांग्याटोमॅट्यांशी अदबीनं वागणारा आणि नदीशी उभा दावा मांडणारा माणूस सगळ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. नाचणगावाकडे, नदीच्या बाजूला त्यांची दोन एकर भाजीची वाडी. वांगं तोडायच्या आधी ते झाडाला हात लावून "तोडू काय?" विचारायचे आणि झाडानं होकार दिल्याची खात्री पटेपर्यंत थांबायचे. तोवर पुलगावचा बाजार निम्मा उठलेला असे. एकदा घाईत मी न विचारता भेंडी तोडली, तर मला तिची माफी मागायला लावली. मी मागितलीही. तेव्हा मी बँकेत चांगला अधिकारी होतो. देवळात मामा कधी गेले नाहीत. त्यांचा देव म्हणजे वर्धा नदी. रोज सकाळी तिच्यात पाय बुडवून उभे राहत आणि घरातल्या सगळ्या भानगडी तिला सांगत. मामी कुरकुरायची, "मले जे समजत नाई, ते नदीले आधी समजते."

नऊ वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी त्यांचा एकुलता मुलगा बैल धुवायला नदीवर गेला आणि बुडाला. बैल तेवढे घरी आले.

मामा रडले नाहीत, नदीवर रुसले. रुसणं हा शब्द फार हलका आहे, पण मला दुसरा सुचत नाही. वाडीला नदीचं पाणी बंद करून त्यांनी विहीर खोदली. मामी म्हणाली, "विहिरीत तरी कोणाचं पाणी झिरपून राह्यलं?"

"झिरपू दे. मी मागायले गेलतो काय?"

लेक पलीकडे अमरावती जिल्ह्यात दिलेली. तिच्याकडे जाताना एसटी पुलावर आली की मामा डोक्यावरून दुपट्टा ओढून घ्यायचे आणि कंडक्टरनं "गेली नदी, काकाजी" म्हटल्याशिवाय काढायचे नाहीत. आम्ही भाचरं त्या दुपट्ट्याची नक्कल करून पोट धरून हसायचो. आज त्याची लाज वाटते.

यंदा माघात मामी गेली. जाण्याआधी आम्हा दोघांना जवळ बसवून म्हणाली, "मले पोराजवळच सोडजा." मामांनी मान फिरवली. राख सावडल्यावर अस्थींचं मडकं माझ्या हाती देत म्हणाले, "तूच जा बाबू. मी त्या नदीचं तोंड पाहणार नाई." तरी काठापर्यंत आले आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी गुडघाभर पाण्यात उतरलो, तोच मागे पाणी वाजलं. मामांनी माझ्या हातातलं मडकं काढून घेतलं, छातीशी धरलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नदीशी बोलले, "तिले थंडी सोसत नाई. उन्हाउन्हानं नेजो."

पुढचं मामा आणि नदी, या दोघांतलं होतं. मी चपला उचलून वर जाऊन बसलो. बराच वेळ झाला तरी मामांचं बोलणं संपेना. घरी आता त्यांचं ऐकायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी हाक मारली नाही.