आधी सायकल

"बायको पाण्यात गटांगळ्या खातेय, आणि हा बाबा आधी सायकल बाहेर काढतो!"

"सायकल बुडते, डॉर्कस. तू तरंगतेस."

"मी तरंगते?"

"तुझा घागरा फुगतो ना. काल अशी टम्म फुगलीस की लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या सायकलीला वाजवल्या, मुडद्या!"

थॉर्नबी या किनाऱ्यावरच्या गावाच्या लाकडी धक्क्याच्या पार टोकाला, बँडच्या चौथऱ्यामागे एक खोपटं होतं. प्रोफेसर डॉर्कस काउलिंग तिथे कपडे बदलायची. प्रोफेसर कसली, शाळेत फळा पुसण्यापलीकडे तिची मजल गेली नव्हती. पण धक्क्यावरून समुद्रात उडी टाकणाऱ्याला प्रोफेसरच म्हणायचं, अशी त्या किनाऱ्याची रीत. डॉर्कस तर सायकलसकट उडी टाकायची.

धक्का मुळात आगबोटींसाठी बांधलेला. पुढे रेल्वे आली, बोटी गेल्या आणि मालकांना शोध लागला की पाय ओले होणार नसतील तर माणसं समुद्रावर नुसतं चालायलाही पैसे मोजतात. चालून कंटाळतील म्हणून बँड आला, जाड्याला काडी करणारे आरसे आले, पिसवांची सर्कस आली. एका कडक हिवाळ्यात पिसवा मेल्या, त्यांच्या जागी डॉर्कस आली.

एक गोष्ट मात्र नवरा सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. तिला पोहता येत नव्हतं. ती कोळ्याची पोर. तिच्या घरी पोहणं शिकणं म्हणजे समुद्राचा अपमान. त्यानं एकदा हात धरला की निमूट जायचं, हातपाय झाडून त्याला ताटकळत ठेवायचं नाही. त्यामुळे उडी तिची आणि जीव नवऱ्याच्या, एनॉकच्या हातात. तो खाली होडी घेऊन थांबायचा, लांब काठीच्या आकड्यानं आधी बायकोला ओढायचा, मग दोरीनं सायकल. कालपर्यंत.

"पिकर्सगिलना सांगते," डॉर्कस म्हणाली. पिकर्सगिल म्हणजे धक्क्याचे मॅनेजर. "म्हणावं, होडीवर तरणा माणूस द्या. बायको आणि सायकल यातला फरक कळणारा."

"सांग की! तरण्याला ओढवेल का तुझं वजन?"

मोजे घ्यायला ती उठली आणि अनवाणीच पलीकडच्या कोपऱ्यात गेली. एनॉकचं चालूच होतं. बोट नाचवत, मान हलवत तो भांडत होता, समोरच्या खुंटीला वाळत टाकलेल्या तिच्या कालच्या लाल, घागऱ्याच्या पोहण्याच्या पोशाखाशी.

"आता का गं दातखीळ बसली? आणि माझ्याकडे असे डोळे वटारू नकोस!"

पोशाख गप्प. मोजा तिच्या हातातच राहिला.

"एनॉक," ती हळूच म्हणाली, "मी इकडे आहे."

तो सावकाश वळला. बोट अजून हवेतच.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ईस्टरपासून. सगळं धुक्यात असल्यासारखं. चकाकतं तेवढं दिसतं." तो ओशाळला. "हँडल चकाकतं, डॉर्कस. तू नाही चकाकत."

"इतकी वर्षं तुझी चड्डी धुतली, त्याचं हे फळ!"

तो हसला नाही. "सांग पिकर्सगिलना. खरंच सांग. तरणा माणूस घे. काल मी तुला... मी घाबरलो गं."

बाहेर बँड थांबला. कर्ण्यातून पिकर्सगिल ओरडले, "सभ्य स्त्रीपुरुषहो! आता प्रोफेसर डॉर्कस!" मग दार खडखडलं. "बाई, आटपा! होडी अजून दिसत नाही. म्हाताऱ्याला झेपत नसेल तर सांगा, शिंपलेवाल्याचा पुतण्या तयार उभा आहे!"

एनॉकनं मान खाली घातली.

"त्याच्या तोंडाला शिंपल्यांचा वास येतो!" डॉर्कस दारातून खेकसली. "माझा माणूस निघालाय!"

तिनं पाना उचलला, भिंतीला टेकलेल्या सायकलीची घंटी हँडलवरून काढली आणि नाडीत ओवून गळ्यात बांधली. अंगठ्यानं एकदा वाजवून बघितली. ट्रिंग.

"पाण्याबाहेर डोकं आलं की वाजवत राहीन. सायकलीला आता आवाज नाही, आवाज फक्त मला. कळलं?"

एनॉकनं कान टवकारला, पण तोंड भलतीकडेच.

"पुन्हा वाजवू?"

ट्रिंग, ट्रिंग. या खेपेला त्याचं तोंड नेमकं तिच्याकडे वळलं.

"मग आता सांग, म्हाताऱ्या. आधी कोण?"

एनॉकनं कोपऱ्यातली आकड्याची काठी चाचपून घेतली, चौकटीला एकदा थडकला आणि ट्रिंग, ट्रिंग असं पुटपुटत होडीच्या शिडीकडे निघून गेला.