चंद्रासाठी काढलेले टेकू

आमच्या दुर्बिणीतल्या चंद्राला कापरं भरलं होतं. डोळा लावला की तो थरथरायचा, बोट लागलं की पळून जायचा. दोष तिवईचा होता. दुर्बिणीसोबत आलेले ते तीन पाय इतके काटकुळे, की भुईगावचा वारा सुटला की दुर्बीण नमस्कार घालायची!

"माणिकपूरला मिळेल की चांगली तिवई," बायको म्हणाली.

मिळाली होती, फोटोग्राफीच्या दुकानात. मजबुती तपासायला मी तिच्यावर ओणवा होऊन सगळा भार टाकला. तिचा एक पाय वाकला आणि दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. (त्या गल्लीतून मी अजून जात नाही.) मग मी ठरवलं, तिवई घरीच करायची. पंधरा दिवस व्हिडिओ बघितले होते, अडायचं काय?

नेमके त्याच आठवड्यात आबा, म्हणजे माझे वडील, चार दिवस बोळिंजला आत्याकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केळीची वाडी माझ्यावर सोडली. "नीट सांभाळलीस तर पुढं तूच बघ. मी थकलो आता," म्हणाले. पंचवीस वर्षं ऑफिसात खुर्ची उबवलेल्या मुलाला बापाने वाडी देऊ करावी! माझी छाती फुगली. मला ती वाडी मनापासून हवी होती. रोज दोनदा चक्कर मारू लागलो आणि चौथ्या दिवशी दुपारी मला ते बांबू दिसले.

सरळ, जाड, वाळलेले! आबांनी त्यांच्या लाडक्या राजेळी केळींना घडाच्या भारासाठी लावलेले टेकू.

"अहो, काढू नका! घड केवढाले झालेत बघा," बायको ओरडली.

"अगं, झाडं आता स्वतःच्या पायावर उभी आहेत."

"आबांना विचारा तरी."

"शास्त्रात विचारत नाहीत, प्रयोग करतात!"

प्रयोग केला. एका केळीचा टेकू काढला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं समोर उभा राहिलो. केळ जागची हलली नाही. सिद्ध झालं! मग शेजारच्या दोघींचेही काढले, करवतीने मापात कापले, काथ्याने आवळले. तिवई अशी झाली, की वर म्हैस चढवली असती तरी चाललं असतं.

दिवेलागणीला आबा आले. अर्धा चंद्र डोक्यावर होता. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"अरे! खड्डे दिसतात की रे! आणि हलत नाय अजिबात!"

"तिवई मी केली," मी बायकोकडे बघत म्हणालो.

"शाबास! हातात कसब हाय तुझ्या. मी म्हणतो, उद्यापासून वाडी..."

धप्प!

"काय पडलं रे?" आबांनी डोळा न काढता विचारलं.

"नारळ." (आमच्याकडे नारळाचं झाड नाही. हे आबांनाही माहीत होतं.)

समुद्राकडून वारा सुटला होता. धप्प! आणि थोड्याच वेळात, धप्प!

आबांनी डोळा काढला. तिवईच्या पायावरून सावकाश हात फिरवला आणि वाडीत गेले. तीन राजेळी कंबरेत मोडून आडव्या पडल्या होत्या, अर्धे भरलेले घड मातीत. आबा एका घडाशी बसले आणि पंजाने त्याची माती पुसू लागले. मला खरंच रडू आलं.

"चुकलं, आबा."

"असू दे. टेकू आण. बाकीच्या केळींना तरी दुहेरी लावू, वारा वाढतोय."

"ते... मी कापलेत."

आबांनी सुनेकडे पाहिलं. "तू कुठं होतीस?"

"मी सांगत होते, आबा. प्रयोग चालला होता."

महिन्याभराने आबा पुन्हा आत्याकडे निघाले. या वेळी वाडी त्यांनी सुनेच्या हवाली केली. आणि तिला निर्धास्तपणे सांभाळता यावी, म्हणून मला बरोबर घेऊन गेले.