मेंढरांच्या मालकिणीचा मराठी आवाज

अकरा वर्षं मी एका ऑस्ट्रेलियन नटीला मराठी बोलायला लावलं. तिला मी कधी भेटले नाही. ती मला ओळखत नाही, आणि खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मला तिचा कंटाळाही आला होता. पण सख्ख्या भावापेक्षा ती मला जास्त ठाऊक आहे. बोलायच्या आधी ती नाकानं बारीकसा श्वास घेते. खोटं बोलायचं असेल तेव्हा तो घेत नाही.

काम असं, की पुण्यात काचेच्या खोलीत उभं राहायचं, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर ती. तिचे ओठ उघडले की माझे उघडायचे, मिटले की मिटायचे. तिचं इंग्रजी आखूड, आपलं मराठी लांबलचक, म्हणून वाक्य छाटायचं, पण अर्थ सांडू द्यायचा नाही. बारामतीहून पहाटेची एसटी, जेजुरी, सासवड, दिवे घाट, हडपसरची कोंडी, आणि मग चार तास दुसऱ्या बाईच्या नवऱ्याच्या मरणावर रडायचं. रडून झालं की परतीची एसटी. लोक म्हणायचे, नुसतं बोलायचं काम, काय मजा आहे! अहो, कसली डोंबलाची मजा. घरी पोचेपर्यंत घशाचा चोथा झालेला असायचा.

मालिकेत ती विधवा असते आणि हजारो मेंढरांची मालकीण. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, चला, निदान मेंढरं तरी आपल्या घरातली आहेत.

कारण माझे वडील, आबा, चाळिशीपर्यंत कळपामागं चालले. दिवाळी झाली की इंदापूर तालुक्यातलं घर सोडायचं, कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. पुढं जमिनीला कालव्याचं पाणी मिळालं, कळप विकला, ऊस लावला. आई गेल्यावर मी त्यांना बारामतीला माझ्या दोन खोल्यांत आणलं. माझं लग्न मोडलेलं होतं आणि मी इथल्या केबलवर बातम्या वाचत होते, तिथूनच हे डबिंग लागलं. आता आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. रोज दुपारच्या चहाला ते मालिका लावायचे. जुने भागही परत परत बघायचे. पण अकरा वर्षांत एकदाही ते म्हणाले नाहीत, की पोरी, चांगलं बोललीस. मला पुरस्कार नको होता. तेवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून हवं होतं, आणि त्यासाठी मी किती झुरले हे कुणाला सांगायची सोय नाही.

त्या नटीचं आयुष्य मी एसटीत बसून फोनवर तुकड्यातुकड्यानं वाचलं. जन्म आतल्या कोरड्या मुलखातला, बाप लोकर कातरणारा मजूर. एकोणिसाव्या वर्षी एका रोजच्या मालिकेत ती शेजारच्या घरातली पोरगी झाली आणि चौदा वर्षं तीच पोरगी राहिली. मग लेखकांनी तिला मोटारीखाली घातलं. पुढं कुणी म्हणे तू तरुण दिसत नाहीस, कुणी म्हणे तू आई शोभत नाहीस. पंधरा वर्षं ती शाळाशाळांतून नाटक शिकवत फिरली. मुलाखतीत एकानं विचारलं, त्या काळात काय केलंत? ती म्हणाली, भांडी घासली. हडपसरच्या कोंडीत मी एकटीच मोठ्यानं हसले, शेजारची बाई दचकली. मग जवळजवळ पन्नाशीला तिला ही मालिका मिळाली आणि ती सगळीकडे पोचली, बारामतीतसुद्धा.

तिसऱ्या सीझनमध्ये एक प्रसंग होता. वादळात मेंढरं पांगतात आणि ती टेकडीवर उभी राहून त्यांना बोलावते. भाषांतरात वाक्य होतं, ‘या मेंढ्यांनो, इकडे या.’ कपाळ माझं! मेंढरांना असं कोण बोलावतं? आमच्यात ज्याची त्याची हाक निराळी. माळावर चार कळप एकात एक मिसळले तरी आपापल्या धन्याच्या हाकेवर मेंढरं वेगळी होतात. मला एकच हाक येत होती, आबांची. टाळूवर जिभेचे दोन टोले आणि मग घशातून चढत जाणारा लांब सूर. मी ती मारली. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं अंगठा दाखवला. मी खूश.

तो भाग लागला तेव्हा आबांनी चहाची बशी खाली ठेवली.

“ही माझी हाक हाय.”

“व्हय आबा.”

“त्या बाईला कुणी दिली?”

“मीच.”

“कळप इकला तवाबी म्या हाक दिली न्हवती. घेणारा मागत हुता, तरी न्हाय दिली. अन् तू दिलीस व्हय?”

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. समोर ताट ठेवलं की जेवायचे, उठायचे. मला लाज वाटली आणि रागही आला. मी ती हाक त्यांच्याच अभिमानानं मारली होती, हे त्यांना दिसत कसं नाही? पण दिलेली हाक परत घेता येत नाही, आणि कळप विकणाऱ्याला जे कळत होतं ते मला कळलं नव्हतं, हेही खरंच.

त्यानंतर आबा माझा आवाज कान देऊन ऐकायला लागले, आणि चुका काढायला लागले.

“लई दम लागतो गं तुला. दमल्यावानी बोलतीस.”

“आबा, ती दमलीय. साठीला आलीय, गुडघा दुखतोय, टेकडी चढतीय.”

“ती दमली आसंल. तू कशापायी दमतीस?”

तो दम सगळा तिचा नव्हताच. त्यात दिवे घाट होता, आबांची औषधं होती, मोडलेलं लग्न होतं. ते सगळं मी तिच्या श्वासात ओतत होते, आणि माझ्या कामात काही चांगलं असेल तर तेवढंच होतं. पण आबांना नेमकं तेच खटकायचं.

गेल्या वर्षी एक दिवस स्टुडिओत गेले तर रेकॉर्डिस्ट म्हणाला, “ताई, आज मालिका नाही. नुसती वाक्यं वाचायचीत.” कसली तरी सुटी सुटी वाक्यं. पाणी तापलं का? मी तुम्हाला ओळखत नाही. मग हसा, रडा, धापा टाका. मी विचारलं, कशासाठी? “तांत्रिक कामाला,” तो यंत्राकडे बघत म्हणाला. आणि मी, शहाणी, सगळं मन लावून केलं. एक रडणं मला सपाट वाटलं म्हणून आपणहून पुन्हा दिलं. वाईट टेक देऊन घरी जाणं आम्हाला जमतच नाही. मग त्यानं कागद पुढं केला. प्रत्येक वेळी काम संपलं की कागदावर सही करायची हा अकरा वर्षांचा रिवाज. खांद्याला पिशवी, साडेचारची एसटी डोक्यात, उभ्या उभ्या सही ठोकली. आमच्या धंद्यात कागद कुणी वाचत नाही. जो वाचतो त्याला पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

मलाही आलं नाही. चार महिने वाट बघून मीच फोन केला. मंडईत उभी होते, हातात मेथीची जुडी.

“ताई, पुढचा सीझन झाला,” तो हळू आवाजात म्हणाला. “मशीननं केला. तुमच्याच आवाजात. तुम्ही सही दिलीय ना.”

“रडणंपण?”

“रडणंपण, ताई.”

त्याच आठवड्यात वाचलं, की त्या नटीनं तिकडं कंपनीशी भांडण मांडलं होतं. माझा चेहरा आणि माझा आवाज यंत्रानं करायचा नाही, हे लिहून मिळेपर्यंत तिनं कॅमेऱ्यापुढं पाऊल टाकलं नाही. मिळालं तिला लिहून. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला तिचा हेवा वाटला. ‘लबाड,’ मी म्हणाले, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तिनं कागद वाचला होता, मी एसटी गाठली होती. मीही वकिलाकडे गेले. त्यानं कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, बाई, तुम्ही सगळंच देऊन बसलात.

आबांना मी काही सांगितलं नाही. ते विचारत राहायचे, “तुझी बाई कवा येणार?” आणि मी म्हणायचे, येईल. नंतर नंतर मीच त्या दिवसाची वाट बघायला लागले. मला खात्री होती, त्यांना कळणार. अंधारात बें ऐकून कोकरू कुणाचं ते सांगणारा माणूस, एका वाक्यात ओळखणार. म्हणणार, ही तू न्हाय. शाबासकी गेली खड्ड्यात, ते एवढं म्हणाले की माझं भरून पावलं असतं.

सीझन आला. दुपारी चहा केला, त्यांच्या हातात दिला, टीव्ही लावला. पडद्यावर ती टेकडी चढत होती. गुडघा धरलेला, तोंड उघडं, छाती वरखाली होत होती. आणि त्या तोंडातून माझा आवाज आला, स्वच्छ, शब्द न् शब्द जागच्या जागी. श्वास कुठंच नव्हता. मी पडद्याकडे बघतच नव्हते, आबांकडे बघत होते. त्यांनी मान तिरकी केली, कान पुढं केला. बराच वेळ ऐकलं. चहा तसाच.

मग ते हसले.

“आज झ्याक बोललीस बग,” आबा म्हणाले. “दम न्हाय, काय न्हाय. चांगलं बोललीस, पोरी.”

मी त्यांच्या हातातला निवलेला चहा काढून घेतला.

“व्हय आबा,” मी म्हणाले.

“आता असंच बोलत जा.”

मी आत गेले, ओट्याला धरून उभी राहिले आणि तोंडात पदर कोंबून रडले. बाहेरच्या खोलीत माझा आवाज न दमता बोलत होता.