भोंगा आणि लांडगा

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर भोंगाकाका आणि पाठीमागे नुसतं भोंगा. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट खरं नाव घेऊन कोणी हाक मारली, की हा दवाखान्यातला नाहीतर बँकेतला माणूस असणार आणि आता काहीतरी कटकट मागे लागणार, असंच त्याच्या मनात यायचं.

नोकरीची सगळी वर्षं त्याने काचेच्या एका खोलीत काढली. समोर माईक, बाजूला गाड्यांचा तक्ता आणि काचेपलीकडे सामान, पोरंबाळं, धावपळ. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे तो सांगायचा आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा. हे त्याला त्याच्या आधीच्या माणसाने शिकवलं होतं. पहिल्यांदा सांगितलं की लोक नुसती मान वर करतात, ऐकतात ते दुसऱ्यांदा. दोन्हींच्या मध्ये एक श्वास थांबायचं. तेवढ्यात आई पोराला गप्प करते, म्हातारा कानामागे हात धरतो, मग सांगायचं.

पुढे तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मशीन आलं. कुठल्याशा बाईचा आवाज, गोड, स्वच्छ, कधी घसा न बसलेला. भोंगा त्या रस्त्याने जाईनासा झाला.

घरात त्याच्या पायाला भिंगरी लागली. दाराशी जायचं, खिडकीशी यायचं, बंद केलेला नळ पुन्हा बंद करून बघायचा. बसलं की उठावंसं वाटे आणि उठलं की कशासाठी उठलो ते आठवत नसे. पायांना घरात कसंबसं फिरवता येत होतं, पण आवाजाचं काय करायचं? चहा झाला हेसुद्धा तो बायकोला दोनदा सांगे. ती म्हणायची, "अहो, मी एकटीच प्रवासी आहे इथे. हळू सांगितलंत तरी माझी गाडी चुकणार नाही."

अशात एक दिवस त्याची भाची आली. ती मोबाइलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीत होती. आवाज कापायचे, जोडायचे, खोकले काढून टाकायचे, हे तिचं काम. कंपनीने एक प्रेमकथा हाती घेतली होती, कॉलेजातल्या मुलींमध्ये भलतीच गाजलेली. एक मुलगी जंगलाकाठच्या गावात राहायला येते. वर्गात मागच्या बाकावर एक घुमा मुलगा असतो. तो पौर्णिमेला लांडगा होतो. माणसांना त्याची भीती, लांडग्यांना त्याचा संशय, आणि मुलीला तो हवा. लांडग्याच्या आवाजासाठी जो तरणाबांड मुलगा घेतला होता, त्याचा चार दिवस गुरगुरून घसाच बसला. भाची डोक्याला हात लावून मामाकडे चहा पीत होती आणि मामा स्वयंपाकघरातून साखर संपल्याचं जाहीर करत होता.

तिने डोळे मिटले. "मामा, असं ऐकलं ना, तर तू पंचविशीचा वाटतोस."

"म्हणून तर मी हो म्हटलं होतं," मामी म्हणाली. "डोळे उघडले तेव्हा उशीर झाला होता."

कंपनीला नमुना आवडला. माणूस कोण, केवढा, हे कोणी विचारलं नाही. आवाज आवडला म्हणजे झालं. बाहेरचे आवाज आत येऊ नयेत म्हणून भाचीने रजयांचं कपाट रिकामं न करताच त्यात एक स्टूल ठेवलं. दोन्ही बाजूंना रजया, डोक्यावर लोकरीचे कोट, मांडीवर टॅब, नाकासमोर माईक. बायकोने पंखा बंद करायचा, कुकर लावायचा नाही आणि दाराबाहेर बसून बेल वाजू द्यायची नाही, असं ठरलं.

पहिल्या पानावरच भोंग्याला ही गोष्ट वेडगळ वाटली. लांडगा म्हणे आपली जोडीदार वासावरून ओळखतो. हे ऐकून बायको बाहेरून म्हणाली, "तुम्हाला तर दूध करपल्याचा वास येत नाही." पुढे लांडग्यासारखं लांब हेल काढून ओरडायचा प्रसंग आला. पहिल्या खेपेला त्याच्या तोंडून जे निघालं ते बस मागे घेताना वाजणाऱ्या हॉर्नसारखं होतं. तिसऱ्या खेपेला मात्र कपाटाची दारं थरथरली. शेजारच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, कुत्रा पाळलात का. बायकोने सांगितलं, हो, निवृत्त आहे, चावत नाही.

पण वेडगळ म्हणता म्हणता तो त्या गोष्टीत अडकत गेला. तो पोरगा ना इकडचा ना तिकडचा. माणसांत बसला की लांडगा डिवचतो, लांडग्यांत गेला की माणूस आठवतो, आणि कुठेच बूड टेकत नाही. हे भोंग्याला समजत होतं. भाग संपला की बायको भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारायची, मग गेला का तो? आणि लगेच म्हणायची, मला काय करायचंय म्हणा.

तर त्या गोष्टीत एक प्रसंग होता. शिकारी मागावर आहेत, नदी ओलांडून मुलाला जायलाच हवं. मुलगी पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी. तो वळून म्हणतो, मी परत येईन. लिहिलेलं एवढंच होतं. भोंग्याने ते वाचलं, एक श्वास थांबला आणि पुन्हा वाचलं. जित्याची खोड. त्याला स्वतःला कळलंही नाही. भाचीने ते ऐकलं, कापायला बोट नेलं, पुन्हा ऐकलं आणि तसंच राहू दिलं.

भाग बाहेर पडल्यावर त्याने तो ऐकला, तेव्हा कुठे ते वाक्य दोनदा आल्याचं त्याला कळलं. भाचीला फोन करून म्हणाला, चूक झाली, काढ ते. भाची म्हणाली, आता काढलं तर मुली कंपनी जाळतील, जरा लोक काय लिहितात ते वाच.

लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. एकीने लिहिलं होतं, पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिला सांगितलं, दुसऱ्यांदा म्हणाला ते स्वतःला. भोंग्याने हे बायकोला वाचून दाखवलं. त्याने तर दोन्ही वेळा फलाटालाच सांगितलं होतं. एका आईची तक्रार होती की पोरगी घरात सगळं दोनदा बोलते, एकदा मला आणि एकदा तिच्या त्या लांडग्याला. कोणा मास्तरांनी लिहिलं होतं की या असल्या गोष्टींनी मुली बिघडतात. त्यांना खाली इतकी उत्तरं आली होती की मास्तर पुन्हा दिसले नाहीत. एका मुलाने कळवळून लिहिलं होतं, माझी मैत्रीण म्हणते, तू सगळं एकदाच म्हणतोस. आणि सगळ्यांचं मागणं एकच, हा आवाज कोणाचा आहे ते दाखवा.

इथून भोंग्याचा जीव टांगणीला लागला. मशीनने घालवलेले ऐकणारे कान त्याला परत मिळाले होते, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. कथेचा दुसरा खंड येणार होता. पण या मुलींनी एकदा त्याला पाहिलं की संपलं, हे त्याला आरशात रोज दिसत होतं.

कंपनीच्या साहेबांनीही त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा खुर्ची पुढे करायला ते जरा विसरलेच. मग त्यांनी तोडगा काढला. सभागृहात श्रोत्यांची भेट ठेवायची. मंचावर एक देखणा नट बसेल आणि ओठ हलवेल, भोंगा पडद्यामागून वाचेल. पडदा नीट राहिला तर दुसरा खंड भोंग्याचा. काही फुटलं तर नवा आवाज बघावा लागेल. साहेब हे अगदी गोड बोलले.

तो हो म्हणून आला. बायको रजईला टाका घालत होती, ती थांबली. "सगळी नोकरी काचेमागे बसलात. निदान काचेतून दिसत तरी होतात."

"मग काय करू? तू सांग."

"मी काय सांगणार? मी तुम्हाला बघूनही राहिलेच ना."

सरावाच्या दिवशी नटाला एकच वाक्य खटकलं, नदीकाठचं. त्याच्या कागदावर ते एकदाच होतं आणि एकदाच ओठ हलवून तो मोकळा होत होता. साहेबांनी भोंग्याला बजावलं, इथे एकदाच, ओठ जुळले पाहिजेत. भोंग्याने मान डोलावली. घरी येताना तो रस्ताभर मनात ते वाक्य एकदाच म्हणून बघत होता. पायरी चुकल्यासारखं होत होतं.

भेटीच्या दुपारी सभागृह खच्चून भरलं. काळ्या पडद्यामागे स्टूल, माईक, मंद दिवा. पडद्याच्या फटीतून त्याला समोरच्या रांगा दिसत होत्या. मुली, थोडी मुलं, सोबत म्हणून आलेल्या आणि आता पुढे सरकून बसलेल्या दोन-तीन आया. हात मांडीवर घट्ट, माना वर. अशा माना त्याने जन्मभर पाहिल्या होत्या. ही माणसं कुठेतरी जायला निघालेली आहेत आणि आपली गाडी लागते की नाही याची वाट बघताहेत, एवढं त्याला कळलं.

वाचन सुरू झालं. नट ओठ छान हलवत होता. शिकारी आले, नदी आली, मुलगी पाण्यात उतरली.

"मी परत येईन."

नटाने ओठ मिटले आणि पाण्याची बाटली उचलली. सभागृहाने श्वास रोखला. भोंग्याने फटीतून पाहिलं. एका आईने मुलीच्या हातावर हात ठेवला. हा तोच क्षण होता. आता गप्प बसलो तर ही सगळी माणसं फलाटावर तशीच उभी राहणार. त्याने जीभ दातांखाली धरली, ओठ आवळले, आणि तरी ते निघालंच.

"मी परत येईन."

नटाच्या तोंडात बाटली होती.

आधी कोणीतरी खुदकन हसलं. मग कुजबुज मागे मागे पसरत गेली. बाजूला उभे असलेले साहेब तळहात खाली दाबून खुणावत होते, बसा, बसून राहा. पण बसवेना. दोन वर्षं ज्या पायांनी त्याला घरात गरगर फिरवलं होतं, तेच पाय त्याला पडद्याबाहेर घेऊन आले. हातात टॅब, चष्मा कपाळावर, शर्टाला रजईचा कापूस.

पहिल्या रांगेतली मुलगी शेजारणीला म्हणाली, "हे?"

एवढंच. पण ते माईकशिवाय शेवटपर्यंत ऐकू गेलं. काही मुली उठल्या. एक चक्क रडत बाहेर गेली. भोंगा उभाच राहिला, कारण परत आत जाण्याची वाट त्याला सापडेना.

मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. तिने आधी घसा खाकरला. "तुम्ही स्टँडवर होता ना?"

त्याने मान हलवली.

ती सांगू लागली, आणि सांगताना त्याच्याकडे कमी आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे जास्त बघत होती. तिची आई एका गावी आणि वडील दुसऱ्या. लहानपणी ती दर आठवड्याला एकटी जायची. गाडी निघून जाईल म्हणून सारखी उठायची, सारखी बसायची. मग तिने स्वतःशी ठरवून टाकलं की काचेतले काका दुसऱ्यांदा सांगेपर्यंत उठायचंच नाही. "मला पहिल्याच भागात शंका आली होती. नदीच्या भागात खात्री झाली. मी कोणाला सांगितलं नाही."

भोंग्याने विचारलं, "कधी गाडी चुकली नाही ना?"

"नाही."

"नाही ना?"

"नाही हो काका."

साहेब त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाहीत. भाचीचंही साहेबांशी वाजलं. मोबाइलवर दोन तट पडले. अर्धे म्हणत, फसवणूक. एकीने लिहिलं, आमच्या लांडग्याला टक्कल निघालं. तिला दुसरीने उत्तर दिलं, तो दोनशे वर्षांचा आहे असं चौथ्या भागातच सांगितलंय, मग केस राहतील का? मधल्या रांगेतल्या त्या मुलीने कुठेच काही लिहिलं नाही.

दुसऱ्या खंडाचा निकाल लागेना. भोंगा घरात येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी बायको म्हणाली, लादी झिजेल, बाहेर तरी जा. तो निघाला आणि इतक्या दिवसांनी पाय आपसूक स्थानकाकडे वळले. बाकावर बसून त्याने त्या बाईचा आवाज ऐकला. चांगला होता, उगाच नावं का ठेवा. पण ती सगळं एकदाच सांगून मोकळी होत होती. शेजारची म्हातारी गोंधळून म्हणाली, काय म्हणाली हो ती? भोंग्याने सांगितलं. म्हातारी उठून गेल्यावर पलीकडच्याने विचारलं. अंधार पडायच्या आधी घरी परतला तेव्हा त्याचा घसा थोडा दुखत होता.

पुढच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ऐकणारे कमी झाले होते, हे तिने आधी सांगितलं. राहिलेल्यांनी मात्र साहेबांना हैराण केलं होतं. दुसऱ्या खंडाचे चार भाग मामाला देऊन बघायचं ठरलं होतं, नावासकट आणि फोटोसकट. पुढचं ऐकणाऱ्यांवर.

"आणि चार भागांनंतर नको म्हणाले तर?"

"तर नको म्हणतील, मामा."

हे काही मनासारखं उत्तर नव्हतं. त्या रात्री त्याला झोप आली नाही आणि सकाळी त्याने नळ तीनदा बंद केला. मग कपाटात शिरला. बायकोने न सांगता पंखा बंद केला, बेलची तार काढली आणि सुपात भाजी घेऊन दाराशी बसली.

"मग," ती म्हणाली, "आला का तो परत?"

"तेच तर वाचायचंय," भोंगा रजयांतून म्हणाला, आणि त्याने कपाटाचं दार ओढून घेतलं.