दहाव्यालाही चालेल, लग्नालाही चालेल

माझा भाऊ नगरसेवक झाला आणि आमच्या इंदिरानगरच्या घरातून रंग हद्दपार झाले. त्याआधी दादाला भडक चौकड्यांचे शर्ट आवडायचे. एक तर इतका पिवळाजर्द होता, की मी म्हणायचे, हा घालून चौकात उभा राहा, सिग्नल बंद पडला तरी चालेल. निकाल लागला आणि ते सगळे शर्ट बोहारणीकडे गेले. उरले पांढरे. कडक इस्त्रीचे, खिशाला पेन, पायात मात्र पळायचे बूट.

मी एकदा विचारलं, "अरे, रोज काय हे लाँड्रीच्या जाहिरातीसारखं?"

"सकाळी गोदाघाटावर कुणाचा तरी दहावा असतो, दुपारी लग्न, संध्याकाळी ड्रेनेजच्या कामाचा नारळ," तो म्हणाला. "मध्ये घरी येऊन कपडे बदलू का? पांढरं सगळीकडे चालतं."

बाकीच्या रंगांना मालक होते. निळा घातला की एका बाजूचा, हिरवा घातला की दुसऱ्या बाजूचा, भगव्यावर तर दोघातिघांचा दावा. भारीतलं घड्याळ कपाटात, साधं मनगटावर. फार गरीब दिसलं तर लोक कामं सांगत नाहीत, फार श्रीमंत दिसलं तर पैसा कुठून आला विचारतात. हे सगळं तो मला पाढे शिकवल्यासारखं शिकवायचा. पुढाऱ्यांना हौस नसते असं नाही हो, चारचौघांत चूक ठरायची भीती असते, एवढंच.

वहिनी या सगळ्यातून सुटली होती. खरं तर कारभार तीच बघायची. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा लागत नाही, सगळे फोन तीच घ्यायची आणि मोरपंखी साडी नेसून महापालिकेत भांडायलाही तीच जायची.

दादा अचानक गेला. हार्ट अटॅक. तेरावा झाल्यावर एका सकाळी वहिनीनं टिकली लावली, नेहमीचीच लाल, आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "चहा ठेवू?" आमच्या घरात त्यावर एवढीच चर्चा झाली. मी घटस्फोटित, माहेरीच राहणारी. असल्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, हे नातेवाइकांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे निवडणूक लागली, दादाची जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि पक्षानं वहिनीला तिकीट दिलं. तिला ते हवंच होतं. "इतकी वर्षं काम मी केलं आणि पाटीवर नाव ह्यांचं," ती मला उघड म्हणाली. "आता माझं लागू दे."

मग आमच्या हॉलमध्ये दादाची माणसं बसली, सगळी पांढऱ्यात, आणि वहिनीनं काय नेसायचं ते ठरवायला लागली. मोरपंखी नको, समोरच्यांचा रंग वाटतो. लाल नको, लोक म्हणतील हिला दुःखच नाही. अगदी पांढरी नको, फार रडकी दिसते. शेवटी फिकट मोतिया ठरली, पदर दोन्ही खांद्यांवरून. मग सगळ्यांत जुना कार्यकर्ता घसा खाकरून म्हणाला, "आणि वहिनी, ती टिकली... निवडणुकीपुरती. लोकांना सहानुभूती आहे, कशाला घालवायची?"

माझं डोकंच फिरलं. "आधी तुमच्या खिशातली पेनं काढा, निवडणुकीपुरती!"

वहिनीनंच मला गप्प केलं. आत गेली आणि टिकली आरशाला चिकटवून आली.

प्रचारातच संक्रांत आली. दादा दरवर्षी वहिनीच्या नावानं हळदीकुंकू ठेवायचा, अख्ख्या प्रभागातल्या बायका यायच्या. कार्यकर्त्या पोरांनी सवयीनं यंदाही मंगल कार्यालय ठरवलं, पत्रिका वाटल्या, वाणाचे स्टीलचे डबे आणले. बायका काळ्या साड्या नेसून दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे एकाच्या डोक्यात उजेड पडला. यजमानीण विधवा, आणि आपणच तिला तशी सजवलेली. कुंकू लावणार कोण?

तो माझ्याकडे धावत आला. "ताई, तुम्ही लावता?"

"मी नवरा सोडलेली. चालेल का बघ."

तो ओशाळला. शेवटी त्या जुन्या कार्यकर्त्याच्या बायकोला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. तिनं कुंकू लावलं आणि वहिनीनं शेजारी उभं राहून डबे वाटले. बायका आधी डब्याकडे बघायच्या, मग वहिनीच्या कपाळाकडे. "बिचारी गं," एक तर तिच्या तोंडावर म्हणाली. वहिनीनं हात जोडले. मला असा संताप आला, की तिळगूळ न घेताच मी बाहेर जाऊन उभी राहिले.

वहिनी निवडून आली, चांगल्या मतांनी. मतमोजणी केंद्राबाहेर गुलाल उधळला. त्याच बायकांनी तिला घेरलं आणि गालांना, केसांना, कपाळाला मूठ मूठ गुलाल फासला. मोतिया साडी पार गुलाबी झाली. दादा गेल्यापासून ती अशी खळखळून हसली नव्हती. मला भरून आलं.

तेवढ्यात पेपरचा फोटोग्राफर आला. कुणी काही सांगायच्या आत वहिनीनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. गाल तसेच ठेवले, केस तसेच. फक्त कपाळ, अगदी स्वच्छ.

"आता कशाला गं?" मी ओरडलेच. "आलीस ना निवडून!"

"परत उभं राहायचंय ना, ताई," ती म्हणाली आणि फोटोग्राफरकडे बघून बेतानं हसली.