पाळीखालचं घर

आमचं घर तलावाच्या पाळीखाली होतं. अंगणात उभं राहून मागं पाहिलं की मातीची ती पाळ आमच्या छपराहून उंच दिसे, आणि तिच्या पलीकडं पाणी. पावसाळ्यात तलाव भरला म्हणजे पाणी आमच्या डोक्यावरच असे. लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात सासऱ्यांना विचारलं होतं, "मामाजी, हे पानी इकडं येत नाही का?"

ते हसले. "पाळ हाय ना बाप्पा. कुटं येते पानी?"

तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा होता. उन्हाळ्यात तो गावची माणसं लावून पाळीवर माती टाकून घेई. त्याचा जाच गावाला होताच, पण पाळीकडं त्याचं लक्ष असे, कारण तलावाच्या पाण्यावर त्याचं धान, म्हणजे भाताचं पीक, होतं. पुढं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. सरकारच्या नेमक्या कोणत्या खात्याचा, ते मात्र कोणालाच सांगता येईना. पंचायत म्हणे तालुक्याच्या जनपद सभेचा, जनपद सभेचा ओव्हरसियर म्हणे तहसिलीत विचारा. दोनतीन उन्हाळे असेच गेले. पाळीवर रायमुनियाची झुडपं माजली, आणि गुरं चढून चढून मधोमध खोलगट वाट पडली.

आमचं गाव बाजाराचं, सडकेवरच्या कोहमाऱ्याहून आत. पंचायतीत एक तरी बाई घ्यावी असं वरून सांगणं आलं, तेव्हा सातवी पास म्हणून मला पंच केलं. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला होता, शनिवारी येई. घरात मी, माझी लहान मुलगी आणि सासरे. सासऱ्यांचं एक अंग लुळं पडलेलं होतं. त्यांची खाट पाळीकडच्या भिंतीला लागून होती. उन्हाळ्यात तिथं गार वाटे.

सभा शाळेच्या ओसरीत भरे. मी डोक्यावर पदर घेऊन कडेला बसायची आणि फारसं बोलायची नाही. बाजाराचे ओटे, दिव्यांचं रॉकेल, मोकाट गुरं कोंडायच्या कांजीहाऊसची पडकी भिंत, असं काहीबाही चाले.

त्या वर्षी श्रावणात पाऊस थांबलाच नाही. धानाची लावणी, म्हणजे रोवणे, आटोपले होते आणि तलाव काठोकाठ भरला होता. एके सकाळी मी घरामागं भांडी घासायला गेले, तर पाळीच्या पायथ्याशी, तुडुमाजवळ, जमीन ओली दिसली. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून शेतांना पाणी सोडायचं दार. पावसाचीच ओल असेल असं मला वाटलं. पण पाऊस थोडा उघडला तरी ती वाळेना. दुसऱ्या दिवशी तिथून बोटाएवढी धार वाहू लागली.

मामाजींना सांगितलं. त्यांनी पडल्यापडल्याच विचारलं, "पानी साफ हाय का गढूळ?"

"साफ."

"मंग ठीक हाय. गढूळ झालं का सांग."

हे आमच्या तलावांच्या मुलखात सगळ्यांनाच ठाऊक असतं. साफ पाणी म्हणजे नुसती झिरप. गढूळ पाणी म्हणजे पाळीची माती आतून वाहून जात आहे. त्या दिवसापासून हातातलं काम टाकून मी पाळीकडं जायची. धार ओंजळीत धरायची, उजेडाकडं करून पाहायची आणि परत यायची. मुलीला मागच्या अंगणात खेळू देत नसे. तांदूळ निवडतानाही कान पाळीकडं लागलेला असे. पावसाचा आवाज वाढला की भीती वाटे. आणि पाऊस थांबला की आणखी भीती वाटे, कारण मग त्या धारेचा आवाज ऐकू येई.

सभेत मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते या धारेसाठी. सरपंच किराणा दुकानदार होते, माणूस भला. ते लगेच माझ्याबरोबर आले, धार पाहिली आणि माणूस पाठवून ओव्हरसियरला बोलावून घेतलं. ओव्हरसियर कोहमाऱ्यापर्यंत मोटारीनं आणि पुढं चिखलातून सायकल ढकलत आला. पाळीवर चढला. तुडूम उघडून पाणी कमी करू म्हणाला, पण लाकडी दट्ट्या फुगून असा घट्ट बसला होता की चार माणसांनी ओढूनही हलला नाही.

"मी वर लिहितो. हुकूम येईपर्यंत कोणी पाळीला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"तोवर पाळ राहील का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पाळीखालच्या घरांकडं पाहिलं. "राहायला पाहिजे," म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला.

पोळ्याच्या दिवशी धार गढूळ झाली.

गावात बैल रंगवणं चाललं होतं. मुलगी शेजारच्या बैलाच्या शिंगांना लावायचा बेगड मागत होती. मी ओंजळ धरली आणि हाताला मातीचे कण लागले. पाणी चहासारखं होतं. मी तिथंच दगडावर बसले आणि पाळीकडं वर पाहिलं. एवढी मोठी पाळ, वर गवत डोलत होतं, काही झाल्याची खूण नाही.

घरात येऊन मामाजींना सांगितलं, "गढूळ झालं."

"पोरीले घेऊन शाळेत जा."

"तुमी बी चला. खाट उचलायले मानसं बलावतो."

"मले कायले उचलून नेता? तू जाय."

मी मुलीला शेजारणीच्या हातात दिलं, तिला शाळेत नेऊन बसव म्हटलं, आणि सरपंचाच्या दुकानाकडं पळाले. पदर कधी पडला ते कळलं नाही.

सभा दुकानातच भरली, उभ्या उभ्या. उपाय सगळ्यांना माहीत होता. पाळीच्या एका टोकाला सलंग होती, तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून आपोआप निघून जातं तो दगडी काठ. तिचे वरचे दगड काढले तर तलाव हातभर उतरला असता. पण ते पाणी नाल्यात मावलं नसतं. नाल्याकाठी एका शेतकऱ्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं होती, नुकताच रोवणा झालेल्या. तो माझ्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. मला वहिनी म्हणे.

त्याला कोणीतरी सांगितलं असावं. हातात बैलाच्या झुलीची दोरी तशीच घेऊन तो दुकानात आला.

"सलंग फोडून राहिले का तुमी?"

तो सरपंचांपुढं येऊन उभा राहिला.

"पाळ कुटं फुटली? धार तर दर साली येते. काऊन माह्याच बांध्या बुडवता?"

सरपंचांच्या कपाळावर घाम होता. "देखो भाई, तालाब सरकार का है. हुकमाशिवाय सलंग फोडली तर मला जेलमध्ये टाकतील. आणि नाही फोडली आणि पाळ गेली, तर..." त्यांनी बोलणं अर्धवट सोडलं आणि एकेका पंचाला विचारायला लागले. जो तो खाली पाहत होता.

मग मला विचारलं. मला त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाहवेना. माझं घर पाळीखाली, म्हणून मी बोलते, असं तो म्हणेल, हे मला ठाऊक होतं. आणि ते खरंही होतं. खाटेवर पडलेले मामाजी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

"फोडा," मी म्हणाले.

मग एकेक हात वर झाला.

तो शेतकरी सलंगेवर जाऊन उभा राहिला. माणसं सब्बल-पहारी घेऊन आली, तरी हलेना. शेवटी त्याची बायको आली. त्याचा दंड धरून तिनं त्याला बाजूला घेतलं. तो लहान मुलासारखा तिच्याबरोबर गेला.

पहिला दगड निघाला तेव्हा पाणी थोडं चाचरलं, मग असं सुटलं की उभ्या माणसांना मागं सरावं लागलं. मला ते पाहायला थांबवेना. मी घरी पळत आले. चार जणांनी मामाजींची खाट उचलली. ते शिव्या देत होते, आणि त्यांच्या चांगल्या हातानं त्यांनी माझं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. तेव्हा मला कळलं, त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटत होती.

संध्याकाळपर्यंत तलाव उतरला. शाळेच्या ओसरीतून खालचा नाला दिसत होता. हिरव्या बांध्यांच्या जागी तांबडं पाणी पसरलं होतं, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, पळसाची झाडं तेवढी वर उभी होती. गावात पोळा कोणी भरवला नाही. आमची धार बारीक झाली आणि दोन दिवसांनी साफ झाली.

पाळ राहिली. पण त्यानं भीती संपली नाही, फक्त तिचं तोंड बदललं. आता चौकशी येणार असं सगळे म्हणू लागले. सरपंचांनी दुकानात बसणं सोडलं. मीही रस्त्यावर खाकी कपडा दिसला की मुलीला घेऊन आत जायची. मला धरून नेलं तर मामाजींना कोण भरवेल, याचाच विचार सारखा चाले. नवरा शनिवारी आला, तेव्हा मित्राच्या घरावरून न जाता लांबच्या वाटेनं आला. मला रागावला नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "मी असतो तर माह्या तोंडून 'फोडा' निघालं नसतं."

दसरा झाल्यावर नायब तहसीलदार आले. सलंग पाहिली, पाळ पाहिली, शाळेच्या ओसरीत चहा घेतला.

"पुढच्या वेळी आधी कळवत जा," म्हणाले आणि निघाले. बस, एवढंच. सरपंच खांबाला टेकून खाली बसले, आणि त्यांना उठवायला दोघांना हात द्यावा लागला.

त्या शेतकऱ्याचं त्या साली काही पिकलं नाही. ज्यांची घरं पाळीखाली होती, त्यांनी आपापल्या खळ्यावरून त्याला धान दिलं. आमचं पोतं त्याच्या बायकोनं घेतलं. तो बाहेर आला नाही.

उन्हाळ्यात मात्र जनपद सभेनं पाळीचं आणि सलंगेचं काम काढलं. तलाव आटला होता. मजुरांनी तुडुमाजवळ पाळ खोदली, तेव्हा आत पोकळी निघाली. जुनं लाकूड कुजून गेलं होतं आणि त्याच्या कडेनं माती निघून गेली होती. सगळं गाव पाहायला लोटलं. मी काठावर उभी राहून त्या काळ्या भोकाकडं पाहिलं. याच्याखाली आम्ही भाकरी थापत होतो.

तो शेतकरीही आला होता. वाकून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सलंग फोडल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"हे भोक पानी उतरल्यावर बी पडलं असंल, वहिनी."

पडलंही असेल. कोण सांगणार?

तो ओव्हरसियरकडं गेला आणि विचारलं, "नवी सलंग कुटं बांधून राहिले?" ओव्हरसियरनं हातातल्या काठीनं दाखवलं. जुन्याच जागी, त्याच्या बांध्यांच्या वर. तो तिथून आपल्या बांध्यांपर्यंत नाल्याच्या काठाकाठानं चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. मजूर जेवायला बसले तरी तो तिथंच उभा होता, कोरड्या नाल्याकडं पाहत.