भाऊबीजेचे मोर

यंदाच्या भाऊबीजेला मी सकाळपासून एका जागी बसले नव्हते. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या दोन खोल्यांत माझी नुसती ये-जा चालली होती. नवरा म्हणाला, भाऊ येतोय, मंत्री नाही. त्याला काय कळणार? ओवाळणीत काय हवं ते यंदा मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं होतं. दुर्बीण!

मला पक्षी बघायचं वेड आहे. चाळिशीनंतर लागलं, म्हणून जरा जास्तच लागलं. रविवारी उजाडता उजाडता मी भाईंदरच्या मिठागरांकडे, खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर असते. आमच्याकडे याला 'कावळे मोजायला जाणं' म्हणतात. सासूबाई पाहुण्यांनाही तसंच सांगतात. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पक्ष्याचा फोटो टाकला, की खाली कुणीतरी चिकन मसाल्याची रेसिपी टाकतं. सगळे हसतात. मीही हसरा चेहरा पाठवते, पण लागतं मला. चांगलंच लागतं.

धाकटा भाऊ काशीमीऱ्याचं आपलं गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवून बायकोला घेऊन आला. पाटावर बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं, आणि त्यानं तबकात एक खोका ठेवला. चपटा. दुर्बीण काही चपटी नसते, तरी मी तो घाईघाईनं उघडला. आत साडी. जांभळी, आणि काठापासून पदरापर्यंत मोरच मोर.

"तुला पक्षी आवडतात ना ताई," तो खुशीत म्हणाला. "अख्खं मार्केट पालथं घातलं. जिथे बघावं तिथे फुलंच."

त्याची बायको शेजारी मान डोलवत होती. दुर्बिणीचं बोलणं त्यांनी थट्टेवारी नेलं होतं, पण पक्षी तेवढे लक्षात ठेवले होते. दोघांचे चेहरे इतके खुलले होते की मला धड रागावता येईना. साडी सुंदर होती, तेच तर दुखणं होतं.

"मला पक्षी बघायचेत रे," मी म्हटलं, "नेसायचे नाहीत."

सासूबाईंची करंजी हातातच राहिली. मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! मी तीच साडी नेसले, कपाटातली एका काचेवर बुरशी धरलेली जुनी दुर्बीण काढली आणि भावाला म्हटलं, चल. जेवणं व्हायचीत म्हणून सगळे ओरडत राहिले, तोवर आम्ही रिक्षात बसलोसुद्धा.

खाजणातलं पाणी उतरलं होतं. भावाला दुर्बीण धरताच येईना. त्याला कधी आभाळ दिसायचं, कधी विजेचा खांब. शेवटी मी त्याची हनुवटी धरून मान वळवली, लहानपणी भांग पाडताना वळवायचे तशी. समोर चिखलात काळ्या पंखांचा, लांबलचक गुलाबी पायांचा एक पक्षी एक पाय उचलून उभा होता. भाऊ श्वास रोखून बघत राहिला. मी दुर्बीण मागितली, तर त्यानं दिली नाही.

"ताई," तो कुजबुजला, "ह्याचं नाव काय?"

शेकाट्या. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण घरातल्या कुणीही मला हे कधी विचारलंच नव्हतं, आणि ते एवढंसं नाव काही केल्या माझ्या तोंडातून बाहेर पडेना.